शेजाऱ्यांच्या खरेदीखतात सापडलेले घर

बंगळूरला माणसे नोकरीसाठी जातात, उपचारांसाठी जातात, मुलाबाळांकडे राहायला जातात. मी गेलो तो माझ्या एका खोट्या शपथपत्रामुळे. हे आधीच सांगून टाकतो. पुढे त्या शहराचे आणि तिथल्या माणसांचे कौतुक बरेच येणार आहे, आणि ते करणारा माणूस कोण आहे हे वाचकाला ठाऊक असलेले बरे.

माझे वडील गेले, त्या वर्षीची गोष्ट. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी सातबाऱ्यावर वारसांची नावे लागण्यासाठी वंशावळ शपथेवर लिहून द्यायची होती. पणजोबांना दोन मुलगे. थोरले माझे आजोबा, धाकटे रामचंद्र. हे रामचंद्र तरुणपणीच म्हैसूर संस्थानात रेल्वेच्या तार विभागात नोकरीला गेले आणि तिकडचेच झाले. तलाठ्याने विचारले, यांच्यामागे कोणी आहे का? असल्यास नोटिसा काढाव्या लागतील, काम लांबेल. मी रामचंद्रांच्या नावापुढे एक शब्द लिहिला : 'निर्वंश'.

वास्तविक दर दिवाळीला बंगळूरजवळच्या येलहंका इथून एक कार्ड वडिलांच्या नावे येत असे. रामचंद्रांचे चिरंजीव विठ्ठलराव ते लिहीत. वडील गेले त्या दिवाळीलाही ते आले होते. मी वडील गेल्याचे उलट टपाली कळवले नाही आणि ते कार्डही जपून ठेवले नाही. जमीन म्हणजे डोंगरउताराचा खडकाळ तुकडा. हुलग्यापलीकडे तिथे काही होत नाही. तेव्हा कोणाचे काय गेले, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि ती समजूत मला वीस वर्षे पुरली.

गेल्या वर्षी आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी स्मरणिका काढली. तीत 'आपल्याला सोडून गेलेले' या पानावर माझे नाव छापून आले. मित्रांनी मलाच फोन करून माझ्याविषयी दुःख व्यक्त केले, आणि दोन दिवस मीही त्यांच्याबरोबर हसलो. तिसऱ्या दिवशी संपादकांचा दिलगिरीचा फोन आला. ते म्हणाले, "कोणीतरी सांगितलं, म्हणून टाकलं. विचारायला कोण जाणार?" त्यानंतर मला हसू आले नाही.

वकिलांकडून दुरुस्तीच्या शपथपत्राचा मसुदा करून घेतला. रामचंद्रांच्या वारसांसाठी त्यात मोकळी जागा होती. वारस हयात असतील तर त्यांची संमतीची सही हवी, आणि नाते दाखवणारा एखादा जुना कागद हवा, एवढे वकिलांनी बजावले. माझ्याजवळ पत्ता नव्हता; होती ती तीनच नावे : रामचंद्र, विठ्ठलराव आणि येलहंका.

महादेवपुरा

माझी भाची सायली बंगळूरच्या महादेवपुऱ्यात चौदाव्या मजल्यावर राहते. तिच्या सज्ज्यातून काचेच्या इमारती दिसतात आणि त्यांच्यामधून, मी गेलो त्या फाल्गुनात, गुलाबी फुलांनी गच्च भरलेली झाडे दिसत होती. त्या झाडांवर पान म्हणून नव्हते. आमच्याकडे पळस आणि पांगारा फुलतात ते रानात, माणसांपासून दूर. इथे भर वाहतुकीत फुलांचा सडा पडतो आणि दुचाकीवाले तो आपल्या आसनावरून हाताने झाडून पुढे जातात.

सायलीला मी प्रवासाचे कारण सांगितले, पण सगळे सांगितले नाही. पूर्वज शोधायचे आहेत, इतकेच म्हणालो. तिने लगेच भ्रमणध्वनीवर नाव घातले आणि मला पडदा दाखवला. "मामा, येलहंक्यात रामचंद्रराव इतके आहेत की त्यांचं संमेलन भरवता येईल. यातला तुझा कोणता?"

ते मला ठाऊक नव्हते. म्हणून मी घराजमिनीच्या खरेदीखतांची नोंद ठेवणाऱ्या नोंदणी कार्यालयात गेलो.

तिथला पहिला दिवस मी वाया घालवला, आणि तो ज्या प्रकारे घालवला तो प्रकार अस्सल महाराष्ट्रीय होता. शोधाच्या अर्जावर मी ठसठशीत अक्षरांत 'आसरेकर' असे आडनाव लिहिले. खिडकीवरच्या बाईंना मराठी येत नव्हते, मला कन्नड येत नव्हते. आमचे बोलणे तुटक हिंदीत चालले. त्यांनी जुन्या सूच्यांचे गठ्ठे काढले. प्रत्येक सूचीत 'आ' हे अक्षर उघडले, बोट ठेवून खाली गेल्या आणि मान हलवली. अशा कितीतरी सूच्या झाल्या. एकदाही त्यांनी घड्याळाकडे पाहिले नाही. उलट दुपारी, माझा चेहरा पाहूनच असावे, त्यांनी मला खूण करून समोरच्या खानावळीत जाऊन येण्यास सुचवले.

ती खानावळ उभ्याने खाण्याची होती. इथे एका ताटलीत शेजारी शेजारी तिखट उपीट आणि गोड शिरा असे दोन गोळे देतात आणि त्याला चौचौ भात म्हणतात. आपल्याकडे शिरा प्रसादाला आणि उपीट न्याहारीला, अशी दोघांची घरे वेगळी. इथे ते एकाच ताटलीत सुखाने नांदत होते, आणि खाणारा प्रत्येकजण ठरवत होता की आधी कोणाकडे जायचे. मी आधी तिखट संपवले. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या पांढरा शर्ट घातलेल्या, कानावर पेन खोचलेल्या गृहस्थांनी माझ्या हातातली अर्जाची प्रत वाचली आणि मराठीत विचारले, "सातारचं का तुमी?"

मल्लूअण्णा

त्यांचे नाव मल्लाप्पा. कार्यालयात सगळे त्यांना मल्लूअण्णा म्हणतात. मूळचे निपाणीकडचे, धंद्याने दस्तलेखक. तीस वर्षे त्या कार्यालयाबाहेर टेबल टाकून लोकांची खरेदीखते आणि बक्षीसपत्रे लिहीत आले आहेत. माझा अर्ज वाचून त्यांना हसू आवरेना, पण ते हसणे बोचणारे नव्हते.

"सगळा दिस आडनाव धुंडाळलासा? हितं आडनाव कोण इचारतंय ओ. म्हैसूर मुलखात माणूस आपल्या नावानं चढतोय सूचीत. तुमचं आसरेकर हितं येऊन 'ए.' झालं असणार बघा. ए. रामचंद्रराव."

मी खाली मान घातली. तीन पिढ्या ज्या आडनावाने आम्ही स्वतःला मोठे समजत आलो, ते इथे एका अक्षराइतके उरले होते, आणि माणसाचे काही बिघडलेले दिसत नव्हते. मल्लूअण्णांनी विचारले, हे तुमचे कोण लागतात? धाकटे आजोबा, मी म्हणालो.

"मग इतकी वर्सं कुठं हुतासा?"

त्यांनी ते सहज विचारले होते. मी ताटलीतल्या शिऱ्याकडे वळलो.

दुसऱ्या दिवशी 'रामचंद्रराव' या नावाखाली शोध घेतला तेव्हा वेगळीच अडचण उभी राहिली. ज्या सुमारास त्यांनी घर घेतले असावे, त्या वर्षांची बाडे पाण्याने भिजून एकमेकांना चिकटली होती. बाईंनी एक पान कोपऱ्यापासून अलगद सोडवून पाहिले. त्याचा चुरा झाला तेव्हा त्यांनी हात मागे घेतला आणि माझ्याकडे पाहून क्षमा मागितल्यासारखे काहीतरी म्हटले. मी मनात म्हणालो, संपले. घरी जाऊन तो मसुदा कपाटात ठेवायचा. आणि खरे सांगायचे तर, त्या क्षणी मला थोडे हलकेही वाटले. प्रयत्न केला, मिळाले नाही. असे म्हणायची सोय झाली होती.

मल्लूअण्णांना ती सोय मान्य नव्हती. दस्तलेखकाची एक रीत त्यांनी मला समजावली. ज्याचे घर शोधायचे त्याचा कागद मिळाला नाही तर त्याच्या शेजाऱ्याचा काढायचा. कारण कोणत्याही खरेदीखतात चतुःसीमा लिहावीच लागते. पूर्वेस कोण, पश्चिमेस कोण, उत्तरेस काय, दक्षिणेस काय. कर्नाटकात तिला चक्कुबंदी म्हणतात. माणूस स्वतःविषयी एक ओळ मागे ठेवो न ठेवो, शेजाऱ्यांना त्याचे नाव घेतल्याशिवाय आपली जागा विकता येत नाही.

येलहंक्याच्या जुन्या पेठेतले दस्त एकामागून एक निघू लागले. तिसऱ्या प्रहरी मल्लूअण्णांचे बोट एका ओळीवर थांबले. एका फूलमळेवाल्याने विकलेली जागा होती. त्यांनी कन्नड ओळ मराठीत सांगितली : पश्चिमेस, रेल्वे तारमास्तर ए. रामचंद्रराव यांचे घर आणि विहिरीची अर्धी कड.

मग त्यांनी त्याच जागेचे पुढचे व्यवहार काढायला लावले. ती जागा आणखी दोनदा विकली गेली होती, आणि दर वेळी पश्चिमेची ओळ नव्याने लिहिली गेली होती. दुसऱ्या दस्तात होते : पश्चिमेस, कै. रामचंद्रराव यांचे पुत्र विठ्ठलराव यांचे घर. तिसरा दस्त अगदी अलीकडचा, संगणकावर टंकलेला : पश्चिमेस, कै. विठ्ठलराव यांची कन्या सुमती यांचे घर.

ज्यांना मी एका शब्दात संपवले होते, त्यांच्या तीन पिढ्या परक्या माणसांनी आपापल्या कागदांत नीट सांभाळल्या होत्या. ना रक्ताचे, ना जातीचे, ना भाषेचे. केवळ शेजारी होते आणि खरे लिहायचे म्हणून लिहिले होते. त्या खिडकीपाशी मी हात जोडले ते बाईंना, की त्या फूलमळेवाल्याला, हे मला सांगता येणार नाही. बाई, ठीक आहे अशा अर्थी, म्हणाल्या, "सरी, सरी," आणि पुढच्या माणसाचा अर्ज घेतला.

साक्ष

आता घर कळले होते, परंतु त्या घरचे ए. रामचंद्रराव म्हणजेच आमचे रामचंद्र आसरेकर, हे दाखवणारा कागद हवा होता. मल्लूअण्णांनी दुसऱ्या दस्तातले एक वाक्य हेरून ठेवले होते. विहीर सामाईक असल्याचा न्यायालयाचा जुना निवाडा आहे, असे त्यात नमूद होते. त्यांनी एका वकील स्नेह्यामार्फत न्यायालयाच्या अभिलेखकक्षात अर्ज दिला. निवाडे ठेवतात, साक्षी-पुरावे बहुधा नष्ट करतात, आशा धरू नका, असे त्या स्नेह्यांनी आधीच सांगितले होते. तिसऱ्या दिवशी प्रकरण मिळाले तेव्हा त्यात निवाड्याला शिवलेली दोन पाने निघाली. कोणीतरी ती वेगळी करायची विसरला होता, किंवा मुद्दाम ठेवली होती. ती रामचंद्ररावांची साक्ष होती.

आवारात पावसाळी शिरीषाचे थोरले झाड आहे. त्याखालच्या बाकावर आम्ही बसलो. मल्लूअण्णा आधी मनात कन्नड वाचत आणि मग एकेक वाक्य मराठीत सांगत. विहिरीचा भाग संपला. पुढे प्रतिवादीच्या वकिलाने साक्षीदाराच्या नातेसंबंधांविषयी प्रश्न केले होते.

"म्हंतात, वादीशी नातं नाही. हितं माझं नात्याचं कुणी नाही. गावाकडं थोरले बंधू आहेत. आमची वाटणी झालेली नाही, आमी एकत्र कुटुंब हाय." मल्लूअण्णांनी चष्मा सारखा केला. "पुढं इचारलंय, भावाला भेटून किती वर्सं झाली? उत्तर, एकोणीस. इचारलंय, मग एकत्र कुटुंब कसं? उत्तर…" ते थांबले, पुन्हा वाचले. "उत्तर, ते तिकडं हाईत, मी हिकडं हाय. एवढंच लिवलंय."

खाली सही होती. सगळी साक्ष कन्नडात, पण सही बाळबोधीत, एकही अक्षर न गाळता : रामचंद्र गणेश आसरेकर. मला हवा असलेला पुरावा तोच होता.

शपथ त्यांनीही घेतली होती आणि शपथ मीही घेतली होती. एकोणीस वर्षे भावाचे तोंड न पाहिलेल्या माणसाने न्यायालयात उभे राहून भाऊ आहे म्हणून सांगितले. आणि मी, ज्याच्या घरी दर दिवाळीला त्यांच्या मुलाचे कार्ड येत होते, कोणी नाही म्हणून लिहून दिले. मल्लूअण्णांनी पाने मिटली आणि प्रमाणित प्रतीसाठी अर्ज लिहायला घेतला. माझ्याकडे न पाहता ते म्हणाले, "माणूस चांगला हुता बघा. कमी बोलणारा."

येलहंका

साक्षीची प्रत हाती आली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी एकटाच निघालो आणि चुकीच्या येलहंक्यात उतरलो. नवी वसाहत निराळी आणि जुनी पेठ निराळी, हे मला कोणी सांगितले नव्हते. रिक्षावाल्याने माझी फजिती ओळखून तळ्याच्या काठाने नेले. पाण्यात मोठ्या चोचीचे पांढरे पक्षी संथ तरंगत होते आणि वरून हवाई दलाचे विमान कानठळ्या बसवत गेले; पक्ष्यांनी मानही वळवली नाही. रिक्षावाला म्हणाला, त्यांना सवय आहे, तुम्हालाही होईल. पेठेत पोचल्यावर त्याने जास्तीचे भाडे घेतले नाही. चूक तुमची नव्हती, असे त्याचे म्हणणे.

घर लहान, कौलारू, दारात नेटकी रांगोळी. सत्तरीच्या घरातल्या, ताठ कण्याच्या बाईंनी दार उघडले. मी माझे नाव सांगितले, वडिलांचे सांगितले. त्या आपल्या मराठीत, जिच्यात दोन पिढ्यांचे कन्नड मुरले आहे, म्हणाल्या, "तू म्हणजे भाऊकाकांचा मुलगा. आत ये की. स्वल्प बस, दूध ठेवलंय."

ही सुमतीअक्का. विठ्ठलरावांची एकुलती एक मुलगी, विमानांचे भाग तयार करणाऱ्या सरकारी कारखान्यात तपासनीस अभियंता म्हणून निवृत्त झालेली. कॉफी आली. स्वयंपाकघरातून होळिगेचा वास येत होता. होळिगे म्हणजे आपली पुरणपोळीच, पण इथे तिच्यावर नारळाचे दूध घेतात. जेवूनच जायचे, असे तिने सांगून टाकले. मी म्हणालो, आधी माझे ऐकून घ्या. न सांगता मला त्या घरचे अन्न घशाखाली घालता आले नसते.

मी सगळे सांगितले. कार्डांचे सांगितले, तलाठ्याचे सांगितले, तो शब्दही उच्चारला. ऐकून झाल्यावर अक्काने खिडकीबाहेर पाहिले.

"बाबा आणखी तीन दिवाळ्या कार्ड टाकत होते," ती म्हणाली. "उत्तर येईना तेव्हा म्हणायचे, त्यांनी पत्ता बदललेला असेल. दुसरं काही त्यांच्या मनात आलं नाही."

ती तीन कार्डे कुठे गेली असतील ते मला माहीत आहे. वडिलांच्या नावचे टपाल मी तेव्हा न वाचताच रद्दीत टाकत होतो.

मी साक्षीची प्रत तिच्या हाती दिली. आजोबांची सही तिने बराच वेळ पाहिली, बोटाने कागद सपाट केला. मग सहीसाठी मी शपथपत्राचा मसुदा पुढे ठेवला. अक्का मराठी बोलते रोज, पण वाचते क्वचित. प्रत्येक शब्दाखाली बोट ठेवून ती मोठ्याने वाचत गेली. "सदर वंशावळीत कैलासवासी रामचंद्र यांच्या वारसांची नावे… माहितीअभावी… नमूद करावयाची राहून गेली." बोट थांबले.

"माहितीअभावी म्हणजे?"

"म्हणजे, माहिती नव्हती म्हणून."

"आत्ताच तू म्हणालास, कार्ड येत होतं."

"ती वकिलांची भाषा आहे, अक्का."

"सही वकिलांची आहे का?"

तोपर्यंत माझी अशी समजूत होती की मी सत्य सांगायला आलो आहे. सत्य मी तोंडाने सांगितले होते. कागदावर मात्र दुसऱ्यांदा तेच करायला निघालो होतो, फक्त या वेळी अधिक सभ्य शब्दांत. हा मसुदा मी निघण्यापूर्वी कितीदा तरी वाचला होता. तो शब्द मला कधी खटकला नाही.

मी पेन काढले आणि 'अभावी'वर रेघ मारू लागलो. अक्काने माझा हात धरला. "खाडाखोड नको. चाळीस वर्षं मी विमानाचे भाग तपासले. कागदावर खाडाखोड दिसली की परत पाठवायची, मग आणणारा मोठा साहेब असू दे. नवीन लिही."

तिने कोरे कागद आणून दिले आणि समोर बसली. मी पहिल्यापासून लिहिले. त्या शब्दापाशी आल्यावर या वाक्याचा अर्थ कायद्याच्या दृष्टीने काय होतो ते मला कळत होते. मी लिहिले : माहिती असूनही मी ही नावे वगळली. अक्काने पुन्हा बोट ठेवून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचले. मग सही केली, तारीख घातली, पेनचे टोपण लावून मला परत दिले.

"आता बरोबर आहे," ती म्हणाली. "हात धुऊन ये. पान वाढते."

तिने माझ्या ताटात दोन होळिगे वाढल्या आणि नारळाचे दूध ओतताना विचारले, तिकडे यावर काय घेतात. तूप, मी म्हणालो. तिने उठून तुपाचे भांडेही आणले. क्षमा केली, असे ती एकदाही म्हणाली नाही, आणि मलाही मागण्याचे धैर्य झाले नाही. मी जेवलो, मात्र.

दुसऱ्या दिवशी तोच मजकूर मुद्रांकावर टंकून नोटरीसमोर सह्या झाल्या. मल्लूअण्णांनी टंकताना ते वाक्य दोनदा वाचले, माझ्याकडे एकदा पाहिले आणि अक्षरही न बदलता टंकले.

गावी परतल्यावर वकिलांनी डोक्याला हात लावला. असे कोणी लिहून देत नाही, यातून तुमच्यावरच काही निघू शकते, अजून बदलता येईल, असे ते म्हणाले. मी कागद तसाच दाखल केला. त्याची पोच मिळाली आहे. चौकशीला बोलावतील तेव्हा जे विचारतील त्याचे उत्तर देईन. सुमतीअक्का तेव्हा येणार आहे. तिला जमीन पाहायची आहे. तिथे काही पिकत नाही, असे मी तिला फोनवर सांगितले. ती म्हणाली, बघू की. त्या उतारावर मी स्वतः वीस वर्षांत पाऊल ठेवलेले नाही आणि वाट घाणेरीने बुजून गेली आहे. गेल्या रविवारपासून मी कोयता घेऊन जातो. तिच्या गुडघ्यांना झेपेल इतकी पायवाट, ती येण्यापूर्वी, मला मोकळी करायची आहे.